डाउनवेल: विहिरीच्या तळाकडे नेणाऱ्या एका छोट्या गेमविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डाउनवेल हा नेमका कोणत्या प्रकारचा गेम आहे?

डाउनवेल हा खाली पडता पडता नेमबाजी करण्याचा गेम आहे. वेल्टारो नावाचे एक चिमुकले पांढरे पात्र विहिरीत उडी घेते आणि तेथून पुढे सारा प्रवास तळाच्या दिशेने होतो. त्याच्या पायांत बंदूक बसवलेले बूट आहेत आणि त्यांतून गोळ्या फक्त खालीच सुटतात. खेळाडूच्या हातात तीनच गोष्टी असतात: डावीकडे सरकणे, उजवीकडे सरकणे आणि एक बटण. पाय जमिनीवर असताना ते बटण दाबले तर उडी बसते, हवेत असताना दाबले तर गोळी सुटते.

विहिरीचे चार भाग आहेत. आधी गुहा, मग भुयारी दफनघरे, त्याखाली पाण्याने भरलेला थर आणि शेवटी लिंबो नावाचा अधांतरी प्रदेश. प्रत्येक भागात तीन लेव्हल आहेत आणि त्या बाराही पार केल्यावर अखेरचा मोठा सामना होतो. भागांचा क्रम ठरलेला असला तरी आतली मांडणी, म्हणजे कोठे दगड, कोठे शत्रू, कोठे दुकान, हे प्रत्येक डावात नव्याने रचले जाते.

त्याला रोगलाइक का म्हणतात?

१९८० च्या सुमारास आलेल्या ‘रोग’ या संगणकीय खेळावरून हा प्रकार ओळखला जातो. त्या खेळात तळघराची रचना दर वेळी बदलत असे आणि पात्र मेले की सगळे पहिल्यापासून सुरू करावे लागे. या दोन्ही गोष्टी डाउनवेलमध्ये आहेत. मात्र २००८ साली बर्लिनमध्ये या प्रकाराच्या चाहत्यांनी आणि निर्मात्यांनी जी लक्षणे नोंदवली, त्यांत एकेक पाळी घेऊन, चौकटी मोजून खेळण्याचाही समावेश होता आणि डाउनवेलमध्ये तर श्वास घ्यायलाही उसंत नसते. म्हणून काटेकोर मंडळी त्याला रोगलाइट म्हणतात. खेळणाऱ्याच्या दृष्टीने एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे की मेलात की डाव संपला आणि पुढचा डाव वेगळ्याच विहिरीत असणार.

इतका साधा दिसणारा गेम लोकांना एवढा का आवडतो?

याचे उत्तर त्या बुटांमध्ये आहे, म्हणून ते जरा विस्ताराने सांगायला हवे.

बहुतेक नेमबाजीच्या गेममध्ये गोळीचे काम एकच असते, समोरच्याला मारणे. येथे गोळी सुटली की तिच्या धक्क्याने पडण्याचा वेग कमी होतो, त्यामुळे ती ब्रेकही असते. ती खालचे ठिसूळ दगड फोडते, म्हणून वाट काढण्याचे साधनही तीच. वेग कमी झाला की डावी-उजवीकडे सरकायला जास्त वेळ मिळतो, म्हणजे दिशा सांभाळण्याचे कामही तिच्याकडेच येते. एका बटणाने इतकी कामे होतात आणि त्या सर्वांसाठी साठा एकच असतो. सुरुवातीच्या मशीनगनमध्ये आठ गोळ्या असतात. जमिनीवर पाय टेकला किंवा एखाद्या शत्रूच्या डोक्यावर उडी पडली की त्या पुन्हा पूर्ण भरतात. त्यामुळे मारण्यासाठी उडवलेली प्रत्येक गोळी पुढच्या क्षणी थांबण्यासाठी कमी पडू शकते, हे भान सतत ठेवावे लागते.

एखादा प्रसंग जवळून पाहिला तर हे लगेच कळते. समजा तुम्ही वेगाने खाली येत आहात आणि दोन गोळ्या उरल्या आहेत. खाली डावीकडे वटवाघूळ घिरट्या घालते आहे, उजवीकडे कासव आहे आणि त्यांच्या मधल्या पोकळीच्या खाली लाल रंगाचा एक शत्रू वर येतो आहे. लाल शत्रूवर उडी मारली तर इजा तुम्हालाच होते, त्याला गोळीच घालावी लागते. कासवाच्या कवचावर गोळीचा काही परिणाम होत नाही, त्याच्यावर उडीच मारावी लागते. म्हणजे आधी उजवीकडे सरकून कासवावर पाय द्यायचा, त्याने गोळ्या भरल्या की उसळी घेतानाच मध्यभागी यायचे, लाल शत्रूवर गोळ्या झाडायच्या, त्या झाडताना पडण्याचा वेग कमी होतो तेवढ्यात डावीकडे वळायचे आणि वटवाघळावर उतरायचे. वाचायला जितका वेळ लागला त्याच्या निम्म्याहूनही कमी वेळात हे सारे घडून जाते. सुरुवातीला हे जमत नाही. काही डावांनंतर मात्र डोळे शत्रूंचा रंग टिपतात आणि अंगठा आपोआप ठरवतो. ही जी पकड हळूहळू येत जाते, तिच्यातच या गेमचा सगळा आनंद आहे असे मला ठामपणे वाटते. येथे तुमच्या पात्राला फारसे नवे बळ मिळत नाही. सुधारणा होते ती तुमच्यात.

कॉम्बो म्हणजे काय आणि त्याच्या मागे लागावे का?

जमिनीला पाय न लावता सलग जितके शत्रू माराल तितका कॉम्बो मोजला जातो. आठच्या पुढे गेल्यावर तो संपला तर दुकानात खर्चता येणारी शंभर रत्ने मिळतात. पंधराच्या पुढे गेल्यास त्याबरोबर बंदुकीचा गोळ्यांचा साठा एकने वाढतो आणि पंचवीस ओलांडले तर शिवाय एक जीवही, म्हणजे इजा झाली की कमी होणारा एक गुण, भरून मिळतो.

या एका नियमाने सारा गेम बदलून टाकला आहे. प्रत्येक कठडा सुरक्षित असतो. तेथे उभे राहून खाली डोकावता येते, गोळ्या भरतात, श्वास घेता येतो, कारण पाण्याचा भाग सोडला तर या गेममध्ये घाईची सक्ती करणारे घड्याळ नाही. सावध खेळाडू एकेक कठडा धरत शांतपणे खाली जाऊ शकतो. पण कॉम्बोचे बक्षीस त्याच कठड्यावर पाय ठेवू नका असे सांगत राहते. सुरक्षितता आणि लाभ यांची अशी ओढाताण एका छोट्या आकड्यातून निर्माण केली आहे आणि कोणता मार्ग घ्यायचा हे दर क्षणी खेळाडूवरच सोपवले आहे.

नवख्या खेळाडूने पहिल्या एक-दोन भागांत कॉम्बोचा सराव जरूर करावा. तेथे चूक झाली तरी गमावण्यासारखे थोडे असते. पण गोळ्या संपल्या असतील आणि खालचे नीट दिसत नसेल, तेव्हा आकड्याचा मोह सोडून पाय टेकलेला बरा.

बाजूच्या गुहांमध्ये ज्या बंदुका मिळतात, त्या नेहमी घ्याव्यात का?

भिंतीलगत मधूनमधून वर्तुळाकार कडे दिसते. त्यात शिरले की बाहेरचा काळ थांबतो. आत कधी रत्नांचा ढीग असतो, कधी दुकान, तर कधी नवी बंदूक.

बंदूक घेताना खरी कसोटी लागते. प्रत्येक बंदुकीबरोबर एक तर जीव भरून मिळतो किंवा साठा वाढतो. समजा तुमच्या हातात सवयीची मशीनगन आहे आणि चारपैकी एकच जीव उरला आहे. समोर शॉटगन आहे आणि तिच्यासोबत जीव मिळणार आहे. शॉटगनचा मारा रुंद आहे, पण एका झटक्यात ती बराच साठा खाते. म्हणजे ब्रेक लावण्याच्या संधी कमी होतात. जीव हवा असेल तर हातचे लाडके हत्यार सोडावे लागते. लेझरचेही तसेच आहे. तिची ताकद मोठी, पण साठा चटकन संपतो. ट्रिपलचा मारा पसरट आहे. बर्स्ट एकदम काही गोळ्या सोडते, त्यामुळे तिच्याशी जुळवून घ्यायला वेळ लागतो. बंदूक बदलली की पडण्याची लयही बदलते आणि दोन-तीन लेव्हलपुरता गेम पुन्हा शिकावा लागतो.

माझा सल्ला असा: दोन किंवा त्याहून कमी जीव उरले असतील तर जीव देणारी बंदूक बिनदिक्कत घ्यावी, मग ती कोणतीही असो. जीव भरलेले असताना मिळालेला जीवही वाया जात नाही. असे चार जास्तीचे जीव साठले की कमाल मर्यादाच एकने वाढते, त्यामुळे चांगल्या स्थितीत असतानाही जीव गोळा करत राहणे दूरवर फायद्याचे ठरते.

प्रत्येक लेव्हलनंतर तीन अपग्रेड, म्हणजे त्या डावापुरत्या वाढीव क्षमता, समोर येतात, त्यांतले कोणते निवडावे?

येथे गेमची एक उणीवही सांगावी लागेल. सगळी अपग्रेड सारख्या मोलाची नाहीत. मेलेल्या शत्रूंचे अवशेष खाऊन जीव भरून देणारे ‘नाइफ अँड फोर्क’ लवकर मिळाले तर डावाचा रंगच पालटतो. सोबत राहून गोळ्या झाडणारा ड्रोन प्रत्येक परिस्थितीत उपयोगी पडतो. रत्ने आपोआप ओढून घेणारे अपग्रेड दिसायला साधे, पण भराभर रत्ने जमली की काही काळ गोळ्या अधिक प्रभावी होतात आणि तो काळ त्यामुळे वारंवार येतो. फोडलेले दगडच मारा करू लागतील असे ‘गनपावडर ब्लॉक्स’ गुहेच्या अरुंद भागात फार मजा आणते.

याउलट रिकाम्या काडतुसांनी इजा करणारे ‘हॉट केसिंग्ज’ मला कधी डाव वाचवण्याइतके कामाचे वाटले नाही. दुकानात सवलत देणारे ‘मेंबर्स कार्ड’ तर दुकाने भेटली तरच उपयोगाचे. सरावलेल्या खेळाडूला तीनपैकी कोणता पर्याय टाकाऊ आहे हे पाहताक्षणी कळते आणि मग निवड ही निवड उरत नाही. वर्णनेही एका ओळीची आणि इंग्रजीत आहेत, त्यामुळे एखाद्या गोष्टीचा नेमका परिणाम काय, हे घेऊन पाहिल्याशिवाय उमगत नाही.

स्क्रीनवर तीनच रंग का आहेत?

काळा, पांढरा आणि लाल एवढ्यांवरच हा गेम उभा आहे. काळी पोकळी, पांढरे दगड आणि पांढरे पात्र, तर धोक्यासाठी लाल, अशी ही भाषा आहे आणि वेगाने पडताना ती फार उपयोगी पडते. शत्रू कोणता आहे हे ओळखण्याआधीच त्याच्यावर उडी मारायची की नाही ते कळते.

पण ही भाषा एका ठिकाणी अडखळते. गोळा करायची रत्नेही लालच आहेत. शत्रू मेला की रत्ने उधळतात, आणि मोठ्या गर्दीत पाच-सहा शत्रू एकदम मेले तर खाली लाल ठिपक्यांचा पाऊस पडतो. त्यातच एखादा लाल शत्रू वर येत असेल तर तो डोळ्यांना वेगळा दिसत नाही. हवेसे आणि नकोसे यांना एकच रंग देणे ही माझ्या मते या गेमच्या दृश्यरचनेतील सर्वांत मोठी चूक आहे. पुढे इतर रंगसंगती खुल्या होतात आणि त्यांतल्या काही डोळ्यांना सुखद आहेत, पण दोन्ही गोष्टींना एकच रंग असण्याचा घोळ त्यांनी मिटत नाही.

हा गेम कोणी तयार केला?

ओजिरो फुमोतो या जपानी तरुणाने. ‘मोप्पिन’ या नावानेही ते ओळखले जातात. टोकियो कला विद्यापीठात ते ऑपेरा गायन शिकत होते आणि गेम तयार करण्याचे शिक्षण त्यांनी स्वतःच घेतले. हात बसावा म्हणून ते दर आठवड्याला एक छोटा गेम पूर्ण करण्याचा सराव करत असत. डाउनवेल त्या सरावातूनच निघाला. डेरेक यू यांच्या ‘स्पेलंकी’ या गेमचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता आणि तसे काही फोनवर, उभ्या स्क्रीनवर खेळता येईल का, हा विचार मुळाशी होता.

ते गेमच्या चालत्या चित्रांचे छोटे तुकडे ट्विटरवर टाकत असत. ते पाहून डेव्हॉल्व्हर डिजिटल या प्रकाशकाने त्यांच्याशी संपर्क साधला. ऑक्टोबर २०१५ मध्ये आयफोन आणि विंडोज संगणकासाठी गेम आला, पुढच्या वर्षी अँड्रॉइड, प्लेस्टेशन ४ आणि व्हिटासाठी, तर जानेवारी २०१९ मध्ये निन्टेन्डो स्विचसाठी. संगीत आइरिक सुर्के यांचे आहे. ‘स्पेलंकी’चे संगीतही त्यांचेच.

२०१६ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये फुमोतो यांनी या बुटांवरच एक व्याख्यान दिले. एकाच वेळी अनेक अडचणी सोडवते ती चांगली कल्पना, या निन्टेन्डोचे नामवंत गेमकार शिगेरु मियामोतो यांच्या विचाराचा त्यांनी आधार घेतला होता. बूट सापडल्यावर गेमच्या कितीतरी अडचणी एकत्रच सुटल्या, हे त्या व्याख्यानाचे सार. गेम खेळून झाल्यावर हे व्याख्यान ज्याने त्याने पाहावे, विशेषतः ज्याला स्वतः गेम तयार करायचा आहे त्याने. कमी साधनांत काय उभारता येते याचा इतका स्पष्ट दाखला क्वचित मिळतो.

एक डाव किती वेळ चालतो?

नवख्याचा डाव दोन-तीन मिनिटांत आटोपतो. तळापर्यंत पोहोचणारा डाव साधारण पंधरा-वीस मिनिटांचा असतो.

मग एवढ्या छोट्या गेमवर पैसे का खर्चावेत?

डाव छोटा असणे आणि गेम छोटा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यांदा तळ गाठेपर्यंत बहुतेकांचे अनेक तास जातात आणि ते तास एकाच लांब प्रवासाचे नसून असंख्य तुकड्यांचे असतात. जेवणाच्या सुट्टीत, झोपण्यापूर्वी, कोणाची वाट पाहताना एखादा डाव सहज होतो. मेल्यावर पुन्हा सुरू करायला एक क्षणही लागत नाही. पूर्ण किमतीच्या भल्यामोठ्या गेमच्या तुलनेत याची किंमत अगदी किरकोळ आहे, आणि ती एकदा मोजली की पुन्हा काही द्यावे लागत नाही. जिंकण्यासाठी जीव विकत घ्यायला लावणाऱ्या, प्रत्येक पराभवानंतर जाहिरात दाखवणाऱ्या फोनवरच्या गेमची ज्यांना सवय झाली आहे, त्यांना हा सरळ व्यवहार वेगळा जाणवेल.

तरीही अपेक्षा नीट ठेवाव्यात. शंभर तास पुरेल असा ऐवज ज्यांना हवा असेल त्यांची येथे निराशा होईल.

मग याच्या मुख्य उणिवा कोणत्या?

रंगांची आणि अपग्रेडांची गोष्ट वर आली आहे. त्याहून मोठी उणीव विविधतेची आहे. मांडणी दर वेळी नवी असते हे खरे, पण ती ज्या तुकड्यांतून जुळवली जाते ते तुकडे काही दिवसांत ओळखीचे होतात. पहिल्या गुहेत जे शत्रू आहेत तेच प्रत्येक डावात भेटतात. वाट एकच, दिशा एकच, गुप्त मार्ग किंवा फाटे नाहीत. ‘स्पेलंकी’त एखादी चूक केल्यावर अनपेक्षित घटनांची साखळी सुरू होते, दुकानदार चिडतो, सापळे एकमेकांवर आदळतात आणि हरल्यावरही सांगण्यासारखे काहीतरी उरते. डाउनवेलमधले मरण बहुधा सारखेच असते: घाई झाली, गोळ्या संपल्या, नको त्यावर पडलो.

दुसरी उणीव पुनरावृत्तीची. चौथ्या भागात मेलेल्या खेळाडूला पुन्हा पहिल्या गुहेतून यावे लागते. एकदा हात बसला की त्या पहिल्या तीन लेव्हल सोप्या वाटतात आणि लिंबोचा सराव करायचा तर दर वेळी त्या ओलांडाव्याच लागतात. रोगलाइक प्रकाराचा तो धर्म आहे हे मान्य, तरी लिंबो एवढा अवघड आणि त्याच्या सरावाला मिळणारा वेळ एवढा थोडा, हे प्रमाण चुकले आहे असे वाटते.

तिसरी गोष्ट नशिबाची. एका डावात दोन दुकाने आणि मनाजोगती बंदूक मिळते, तर दुसऱ्यात शेकडो रत्ने जमूनही ती खर्च करायला दुकानच भेटत नाही. कुशल खेळाडू तरीही जिंकतो, पण मध्यम तयारीच्या माणसाचा डाव अनेकदा अशाने कोसळतो.

या उणिवांना बव्हंशी तोच काटकसरीचा निर्णय कारणीभूत आहे, ज्यामुळे गेम इतका नेटका झाला. फाटे, गुप्त खोल्या, दहा प्रकारची दुकाने घातली असती तर पडण्याची अखंड लय तुटली असती. त्यामुळे आणखी पसारा हवा होता असे मी म्हणणार नाही. याच चौकटीत शत्रूंचे आणखी काही प्रकार आणि दगडांच्या आणखी काही रचना सहज बसल्या असत्या, एवढीच माझी तक्रार आहे. तेवढ्याने गेमचे आयुष्य दुप्पट झाले असते.

दोन डावांमध्ये काहीच साठत नाही का?

फार थोडे. आजवरच्या सगळ्या डावांत मिळून जितकी रत्ने गोळा केली त्या हिशेबाने नव्या रंगसंगती आणि खेळण्याच्या नव्या शैली खुल्या होतात. बोल्डर शैलीत जीव जास्त मिळतात पण निवडायला अपग्रेड कमी येतात. लेव्हिटेटमध्ये पडण्याची गती मंद होते. शैलींमुळे सुरुवातीच्या अटी बदलतात, पात्र कायमचे बलवान होत नाही. मला हे पटते, कारण तळ गाठल्याचे श्रेय निखळपणे खेळाडूला जाते. पण हरलेल्या डावातूनही काहीतरी पदरात पडावे अशी सवय ज्यांना आजच्या इतर गेमनी लावली आहे, त्यांना हे कोरडे वाटू शकते.

पाण्याच्या भागात मी नेहमी मरतो. काय करावे?

तेथे हवा मर्यादित असते आणि बुडबुड्यांतून ती पुन्हा मिळवावी लागते. पहिल्या दोन भागांत लागलेली सवय, म्हणजे कठड्यावर थांबून विचार करण्याची, येथे घात करते. एका बुडबुड्यावरून पुढच्या बुडबुड्याकडे नजर ठेवून उतरत राहावे, रत्नांसाठी मागे वळू नये आणि बाजूची गुहा दिसली तर हवेचा अंदाज घेऊनच तिच्याकडे वळावे. या भागात शिरताना तीन तरी जीव शिल्लक असावेत. एक जीव घेऊन तेथे उतरलात तर तो डाव बहुधा गेलाच समजा.

फोनवर खेळावा की कंट्रोलरवर?

गेमचा जन्म उभ्या स्क्रीनसाठी झाला आहे, म्हणून फोनवर त्याचे रूप अधिक खुलते. विहीर पूर्ण स्क्रीन व्यापते आणि खालचे जास्त दिसते. अडचण बोटांची आहे. काचेवरच्या बटणांना कडा नसतात. डावा अंगठा नकळत घसरतो आणि उजवीकडे जायचे असताना पात्र डावीकडेच राहते. ज्या गेममध्ये एका पावलाच्या फरकाने जीव जातो, त्यात ही घसरण फार महागात पडते. शिवाय अंगठ्यांखाली स्क्रीनचा खालचा भाग झाकला जातो आणि या गेममध्ये पाहायचे असते ते खालीच.

संगणकावर किंवा कंट्रोलरवर हाताची पकड अचूक राहते, पण आडव्या स्क्रीनवर विहीर म्हणजे मधला एक अरुंद पट्टा होतो आणि दोन्ही बाजूंना अंधार उरतो. स्विचवर स्क्रीन उभी करून खेळण्याची सोय आहे. कंट्रोलरची अचूकता आणि उभी विहीर असे दोन्ही त्यात साधते, म्हणून ज्यांच्याकडे ते यंत्र आहे त्यांनी तोच मार्ग धरावा. फक्त फोनच असेल तर ब्लूटूथ कंट्रोलर आपल्या फोनवर चालतो का ते आधी पाहावे. नाहीच जमले तरी हिरमुसू नये. काचेवर खेळून तळ गाठणारे पुष्कळ आहेत, त्यांना सरावाला थोडा जास्त काळ लागतो एवढेच.

यात काही गोष्ट आहे का?

जवळजवळ नाही. पात्र विहिरीत उतरते आणि खाली काय आहे ते खेळूनच पाहायचे असते. संवाद नाहीत, मोठी चलचित्रे नाहीत. गोष्टीसाठी गेम खेळणाऱ्याने दुसरीकडे वळावे.

लहान मुलांना द्यायला हरकत आहे का?

रक्तपात दाखवलेला नाही. सगळे ठिपक्यांचे, अमूर्त चित्र आहे. मात्र काठिण्य मोठ्यांनाही दमवणारे आहे आणि स्क्रीन जोराने हादरते, लखलखते. ज्या मुलाला किंवा मोठ्या माणसालाही अशा लखलखाटाचा त्रास होतो, त्याने आधी एखादा व्हिडिओ पाहून ठरवावे.

एकदा तळ गाठला की पुढे काय?

हार्ड मोड खुला होतो. त्यात शत्रूंची आक्रमकता इतकी वाढते की गुहेच्या पहिल्याच लेव्हलमध्ये जुनी घमेंड उतरते. वर उल्लेखलेली पुनरावृत्तीची तक्रारही त्यात बरीच कमी होते, कारण सोपे असे काही उरत नाही. ज्यांना नेहमीचा गेम सरावाने मिळमिळीत वाटू लागला असेल त्यांनी नव्या गेमच्या शोधात निघण्यापूर्वी येथे काही दिवस घालवावेत.

डाउनवेल आवडला, तर याच वाटेचे आणखी काय खेळावे?

मुळाकडे जायचे असेल तर ‘स्पेलंकी’. तो अधिक संथ, अधिक खोल आणि अधिक निर्दय आहे. नेमबाजी हवी असेल तर व्लाम्बीर या स्टुडिओचा ‘न्यूक्लिअर थ्रोन’ हा २०१५ मध्येच पूर्ण झालेला गेम घ्यावा. त्याचे डावही छोटे आहेत, पण नेम चहूकडे धरावा लागतो, त्यामुळे हाताला वेगळी शिस्त लागते. ‘एंटर द गन्जन’मध्ये बंदुकांची रेलचेल आहे, मात्र एकेक डाव लांबतो. २०२२ चा ‘व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स’ पुष्कळांना सुचवला जातो, पण त्यात मारा आपोआप होतो आणि खेळाडू फक्त फिरतो. डाउनवेलमधली बोटांची कसरत ज्यांना आवडली, त्यांना तो सैल वाटण्याचा संभव आहे.

फुमोतो यांचाच दुसरा गेम हवा असेल तर २०२२ मध्ये नेटफ्लिक्सच्या सभासदांसाठी आलेला ‘पोइन्पी’ पाहावा. त्यात दिशा उलटी आहे, पात्र उड्या मारत वर वर जाते आणि रंगही भरपूर आहेत. हा गेम डाउनवेलपेक्षा मवाळ आहे आणि बोट ओढून सोडण्याची त्याची पद्धत काचेच्या स्क्रीनसाठीच घडवलेली आहे, त्यामुळे डाउनवेलमध्ये फोनवर बोटांची जी कुचंबणा होते ती येथे होत नाही. २०२४ मध्ये आलेल्या ‘यूएफओ ५०’ या पन्नास गेमच्या संग्रहाच्या निर्मात्यांत डेरेक यू आणि आइरिक सुर्के यांच्याबरोबर फुमोतो यांचेही नाव आहे. छोट्या, नेटक्या गेमची गोडी लागलेल्या माणसाला तो संग्रह कित्येक महिने पुरेल.